खुलासा

प्रति,
जिल्हा पेन्शन कचेरी, मोखोत्लोंग.

साहेब,
नोंदवहीच्या पान एकेचाळीसवर
'वयाचा पुरावा' या रकान्यात
मी 'धूळ' असं लिहिलं,
त्याभोवती तुम्ही लाल पेन्सिलीनं गोल काढलात
आणि बाजूला शेरा : खुलासा करावा.

करतो.

हेलिकॉप्टर शाळेमागच्या उतारावर टेकलं
तेव्हा म्हातारी माणसं येऊन बसलेली होती,
ब्लँकेटं गळ्याशी पिनेनं टाचून,
काही पहाटेपासून, काही आदल्या रात्रीपासून.
दोन शिपाई, लोखंडी पेटी, शाईचा पॅड, मी.
माणशी दीडशे मालोती.
पायलट म्हणाला, दोनच्या आत आटपा, वारा फिरेल.

म्मे मालिपुओ यादीत नव्हत्या.
हातात बाप्तिस्म्याचा कागद, त्यावर साल सदतीस,
म्हणजे वय अडुसष्ट. नियम सत्तरचा.
मी म्हटलं, दोन वर्षांनी या.

त्या म्हणाल्या,
पाद्री आमच्या डोंगरात चार वर्षं उशिरा चढला.
त्याचा उशीर माझ्या वयातून का कापतोस?

मग जन्म कधीचा?
लाल धुळीच्या साली.

साहेब, आपण सखल भागातले.
इथे अजून त्या सालाचं नाव निघालं
की माणसं नकळत तोंड पुसतात.
गुरं उभ्या उभ्या मेली,
चामडं उकडून खाल्लं,
भरदुपारी दिवा लावून एकमेकांना शोधलं.

तुम्हाला हे कसं आठवतं? मी विचारलं.
(प्रशिक्षणात असंच विचारायला शिकवलं आहे.)

मला कुठलं आठवायला? आईला आठवायचं.
म्हणायची, तू झालीस
आणि तुला पुसायला घरात
एक स्वच्छ फडकं नव्हतं.

मी म्हटलं, साक्षीदार आणा.

न्ताते लेपेकोंना दोघांनी धरून आणलं.
त्यांचं पासबुक चोख आहे, वय चौऱ्याऐंशी,
डोळे मात्र दोन्ही गेलेले.
ओळखता का यांना?
म्हणाले, बोलायला सांग.

काय बोलावं ते बाईंना सुचेना.
मग एकदम म्हणाल्या,
तुझ्या भावानं नेलेलं माझ्या नवऱ्याचं खोगीर
अजून परत आलेलं नाही.

लेपेको हसले. हीच, म्हणाले.
मग बराच वेळ गप्प.
पायलट घड्याळ बघत होता, मी पायलटकडे.

तेव्हा मी गुराखी पोर, मला दिसायचं,
दिसण्यासारखं फार काही नव्हतं.
हिची आई नदीकडे चाललेली, पाठीला गाठोडं.
मला वाटलं, पीठ.
मागायला म्हणून मागे मागे गेलो.
अर्ध्या वाटेत
गाठोडं रडलं.

तेवढ्यात पंखा सुरू झाला.
उतारावरची सगळी माती उठली,
रांगेतला एकही चेहरा ओळखू येईना,
शिपायांचा नाही, माझाही नसेल.
म्मे मालिपुओ ब्लँकेटच्या टोकानं
लेपेकोंचं तोंड पुसत होत्या.

रकाना कोरा ठेवता येत नाही, हा आपलाच आदेश.
मी लिहिलं.

पैसे दिलेले नाहीत. दीडशे मालोती पेटीत जमा,
पावती सोबत.
बाईंकडे चार नातवंडं आहेत,
दोघांची आई मासेरूला जीन्सच्या कारखान्यात,
दोघांची मातीत.
यासाठी नोंदवहीत रकाना नाही, म्हणून इथे लिहिलं.

दोन वर्षांनी सदतीस सालही सत्तरात बसेल,
तेव्हा खुलाशाची गरज उरणार नाही.
तोवर पुढची फेरी सव्वीस तारखेला.
त्या आदल्या रात्रीच येऊन बसतील.
त्यांना काय सांगायचं
ते कळवावं, ही विनंती.

आपला,
खाउहेलो, वितरण क्लार्क.

ता. क.
खोगिराचं लेपेको म्हणाले,
देतो.